उपाशी पेशींची दारे

बाजारहत्नूर,
४ नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षास मोठ्या बाबाचा आशीर्वाद.

तू म्हणशीन, घरात मोबाईल असून मोठ्या बाबानं कागद काऊन खराब केला. चालणारा फोन एकच हाय, तो तुह्या मोठ्या आईच्या, सोजरच्या, कमरेले असते, अन् त्यावर बोललेलं पार वावराच्या धुऱ्यापर्यंत आयकू जाते. तूही फोनवर 'हो', 'नाही' अन् 'बरं' याच्या पुढं कधी गेली नाही. दहावीच्या वर्षी आमच्या घरी राहून शाळेत गेली, तवा वर्षभरात जेवढं बोलली त्याच्याहून जास्त तू एका पेपरात लिहीत होती. म्हणून लिहून राह्यलो.

गोष्ट अशी हाय. लघवीचा त्रास होता, आदिलाबादले दाखवलं, त्यायनं हैदराबादले धाडलं. तिथं सुया टोचून तुकडे काढले अन् प्रोस्टेटचा कॅन्सर हाय म्हणून सांगतलं. हाडात गेला नाही म्हणतात. दोन डिसेंबरले पहिलं इंजेक्शन घ्यायले बोलावलं हाय. मंग दर तीन महिन्यांनं एक, अन् पुढं मशीनच्या किरणायचे शेक.

इंजेक्शनानं काय होते ते तुले लिहायची लाज वाटते. गड्याचा जोर बांधून ठेवतात, येवढं समज. सोजर म्हणते, सासष्टाव्या वर्षी त्या जोराचा काय नांगर ओढायचा हाय. पण माह्यं मन मानत नाही. जावं का जाऊ नये, ठरलं नाही.

तुह्या बाबानं, माह्या लहान भावानं, मागं सांगतलं होतं की तू याच रोगावर शिकून राह्यली. मंग तू तिथं काय पाह्यते ते मले सांग. डॉक्टरले इचारायचं तर मागं पन्नास माणसं उभी असतात, अन् तो अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत बोलते. तू मराठीत लिही. माह्या दुखण्याचं तुह्या बाबाले सांगू नको.

वांग्याले भाव बरा हाय. संत्र्याची चाळीस झाडं मजेत हायेत.

माणिकराव


हैदराबाद,
१३ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मोठ्या बाबांच्या चरणी उत्कर्षाचा नमस्कार.

आपले पत्र दोन दिवस मी वहीत घालून प्रयोगशाळेत नेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, गेल्या चार वर्षांत 'तू काय पाहतेस' असे मला कोणी विचारलेच नव्हते. मराठीत तर मुळीच नाही. येथे सारे इंग्रजीत चालते. माझ्या मनात मात्र प्रत्येक गोष्ट आधी मराठीत घडते आणि मग बाहेर पडताना कपडे बदलते. आज ती घरच्याच कपड्यांत आपल्यासमोर येत आहे.

प्रत्येक पेशीत एक मोठा ग्रंथ असतो. आपल्या देहातील बहुतेक सर्व पेशींकडे तोच एक ग्रंथ आहे. डोळ्याची पेशी त्यातील डोळ्याची पाने उघडते, यकृताची पेशी यकृताची. पेशी ज्या पानाच्या नकला पुन्हा पुन्हा उतरवून घेते, ते पान व्यक्त झाले असे म्हणतात. जनुकाची अभिव्यक्ती ती हीच. मी एका विशिष्ट पानाच्या नकला मोजते.

त्या पानावर एक दार कसे घडवावे, ते लिहिलेले आहे. चरबी रक्तातून एकटी फिरू शकत नाही. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म कणांतून ती वाहून नेली जाते. त्या कणांना मेदप्रथिने म्हणतात, आणि त्यांना ओळखून आत घेणारी जी दारे पेशीच्या अंगावर असतात, त्यांना ग्राही म्हणतात. पेशीला कोलेस्टेरॉल हवे झाले की ती ग्रंथातील दाराचे पान उघडते, नकला काढते, दारे घडवते आणि आपल्या भिंतीत बसवते.

आता कॅन्सरविषयी. गाठीतील सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यांतील फार थोड्या शांत असतात. त्या घाईने वाढत नाहीत, औषधाला सहज बळी पडत नाहीत, आणि बाकीच्या नाहीशा झाल्या तरी नवी गाठ उभी करू शकतात, असे मानले जाते. त्यांना कॅन्सरच्या मूलपेशी म्हणतात. मी त्यांना अशा भांड्यात वाढवते की तळाला त्यांचे पाय टेकत नाहीत. मग त्या एकमेकींना धरून गोळे करतात आणि तरंगत राहतात.

त्या द्रवात चमकणाऱ्या रंगाचे मेदप्रथिनांचे कण सोडले आणि खोलीतील दिवे मालवले की, सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने एका गोळ्याच्या कडेला एक ठिपका उजळतो. मग दुसरा. मग वीस, पन्नास. सह्याद्रीच्या इकडे पसरलेल्या रांगेतील शेवटच्या टेकड्यांवरून उतरताना उटनूरच्या रानातील एखादे गाव संध्याकाळी खाली उजळत जावे, तसे ते दिसते. अशा वेळी मला वाटते की मी त्या गावावरून अलगद, पावलांचा आवाज न करता जात आहे, आणि खाली कोणीतरी वर न पाहता एकेक दार उघडत आहे. ते गाव वाईट आहे, हे मला ठाऊक असते. तरीही मला ते सुंदर वाटते. हे माझ्या प्रबंधात लिहिता येत नाही, म्हणून आपणांस लिहिले.

आपण दोन तारखेला जावे असे मला वाटते. परंतु त्याबद्दल मी काही सांगावे एवढी माझी योग्यता नाही.

मोठ्या आईस नमस्कार.

आपली,
उत्कर्षा


बाजारहत्नूर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. एकदा घरी, दोनदा वावरात. दुसऱ्या वेळी मोटर चालू राह्यली अन् अर्धी वांगी पाण्यात उभी झाली. सोजरनं इचारलं, काय येवढं वाचून राह्यले? मी म्हटलं, उत्कर्षा ख्यालीखुशाली पुसते.

तुह्या मूलपेशी म्हणजे लव्हाळा. बाया वरून निंदतात, वावर साफ दिसते, अन् आठ दिवसांनं पुन्हा हिरवं. काऊन? खाली मातीत गाठ राह्यते. डॉक्टरनं येवढंच सांगतलं असतं तर पन्नास माणसं मागं असतानाही मले समजलं असतं.

आता माह्या एका सवालाचं उत्तर दे. ते दार उघडून चरबी आत घेते, असं तू म्हणते. मंग चरबीच आली नाही तर? मालाची गाडीच आली नाही तर दार उघडून काय करन? तुह्या भांड्यातल्या पेशीले उपाशी ठेवलं तर मरन का? सरळ सांग. गोल गोल बोलणं तुले येत नाही, म्हणून तुलेच इचारतो.

सोजरचा आशीर्वाद.

माणिकराव


हैदराबाद,
२७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मोठ्या बाबांस उत्कर्षाचा नमस्कार.

आपला प्रश्न मी माझ्या मार्गदर्शक चारुशीला मॅडमना सांगितला. एका शेतकऱ्याने विचारला आहे, एवढेच सांगितले. नाव सांगितले नाही. त्या म्हणाल्या की, हा प्रश्न विचारायला त्यांच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षे लागतात. मला इतका आनंद झाला, जणू तो प्रश्न माझाच होता.

योगायोगाने माझा पुढचा प्रयोग हाच आहे. मेदप्रथिने काढून टाकलेल्या द्रवात मूलपेशींचे गोळे ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे. प्रयोगाचा निकाल यायचा आहे. परंतु तत्त्वतः आपल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. कोलेस्टेरॉलवाचून पेशीला आपली भिंत बांधता येत नाही, आणि भिंतीवाचून एका पेशीच्या दोन पेशी होत नाहीत. माल थांबला तर वाढ थांबली पाहिजे. उपासमार पुरेशी लांबली तर पेशी मेली पाहिजे.

सोबत आकृती जोडली आहे. रंगीत पेन्सिलींनी काढली आहे. पेशी पिवळी, दारे निळी, मेदप्रथिनांचे कण तांबडे. प्रत्येक भागाला नाव दिले आहे. लव्हाळ्याची उपमा मी माझ्या वहीत आपल्या नावासह उतरवून घेतली आहे.

दोन तारखेविषयी आपण काही लिहिले नाही. जाण्याचे ठरले असेल, असे समजते.

आपली,
उत्कर्षा


बाजारहत्नूर,
१६ जानेवारी २०२५

उत्कर्षाले सोजरबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकली हाय. अक्षरं मोठी येतात अन् ओळ वाकडी जाते. समजून घे.

तू त्यायले काय लिहून पाठवलं?

दोन डिसेंबरले ते हैदराबादले गेलेच नाहीत. मले सांगतलं, डॉक्टरनं तारीख पुढं ढकलली. मी खरं मानलं. तवापासून घरात त्यायच्यासाठी फोडणी बंद. तेल बंद, दूध बंद, भुईमुगाचा दाणा बंद. कोरडी भाकर अन् उकडलेली भाजी, तीही अर्धी टाकतात. संक्रांतीले तिळाचा लाडू हातावर ठेवला तर उठून म्हशीपुढं टाकला. मी म्हटलं, म्हशीसोबत गोड बोलायचं हाय वाटते यंदा. हसले नाहीत.

सदरे अंगावर लोंबतात. परवा मोटरचं बटन दाबायले गेले अन् विहिरीपाशी बसूनच राह्यले. उठवलं तर म्हणतात, हलकं वाटून राह्यलं. मी म्हटलं, हलकं व्हा, चौघायले उचलायले सोपं जाईन. असं बोलायले नको होतं.

बियाच्या डब्यात तुही पत्रं सापडली. सोबत रंगीत चित्र हाय. त्यातल्या निळ्या दारायवर त्यायनं पेनानं फुल्या मारल्या हायेत. शाई रोजची येगळी दिसते. मी मोजल्या, पंचेचाळीस झाल्या.

पत्रातलं मले काही समजलं नाही. येवढं समजलं की ते डॉक्टरचं आयकत नाहीत, तुह्यं आयकतात. मंग आता तूच सांग त्यायले.

सोजरबाई


हैदराबाद,
२० जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मोठ्या बाबांस,

मोठ्या आईचे पत्र मिळताच मी फोन केला. आपण 'बरं हाय' म्हणालात, मी 'बरं' म्हणाले, आणि फोन बंद झाला. त्यानंतर मी जिन्यात बसून राहिले. जे तोंडाने सांगता आले नाही ते लिहीत आहे. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. कृपया उभ्याने वाचू नका.

मोठे बाबा, मी आपणांस चुकीचे उत्तर दिले.

शाळेत असताना मी एकही प्रश्न कधी सोडला नाही. उत्तर येत नसले तरी प्रश्नातील शब्द घेऊन वाक्ये बांधायची, खाली आकृती काढायची आणि नावे द्यायची, एवढे मला पक्के येत होते. त्याचेच गुण मला मिळत गेले. आपण विचारलेत तेव्हाही मी तेच केले. प्रयोग झालेला नव्हता. 'तत्त्वतः' हा शब्द मी लिहिला तेव्हा तो मला किती शोभिवंत वाटला होता, हे आठवून आज मला माझ्या हस्ताक्षराचीही लाज वाटते.

आता प्रयोग झाला आहे. उपाशी ठेवलेल्या पेशी मेल्या नाहीत. पहिले दोन दिवस त्या गप्प राहिल्या. चौथ्या दिवशी मी दाराच्या पानाच्या नकला मोजल्या. त्या सहापट झाल्या होत्या. माल येईना म्हणून त्यांनी दारे वाढवली होती. शिवाय कित्येक पेशींनी स्वतःचे कोलेस्टेरॉल आतल्या आत घडवायला सुरुवात केली होती.

हा निकाल १८ डिसेंबरला माझ्या हातात आला. मी तो आपणांस कळवला नाही. तो प्रश्न आपण भांड्याविषयी विचारला आहे, अशी मी समजूत करून घेतली होती. दोन तारखेविषयी आपण काहीच लिहिले नव्हते, तेव्हा मी एकदा तरी विचारायला हवे होते. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

आणखी एक. आपण तेल सोडल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल थांबत नाही. आपले यकृत ते घडवत राहते आणि तेच रक्तात सोडते. पंचेचाळीस दिवस आपण उपाशी राहिलात. त्या पेशी राहिल्या नाहीत.

माझे भांडे म्हणजे आपले शरीर नव्हे. आपल्या देहात त्या पेशी आता काय करत आहेत, हे आपण विचाराल. मला माहीत नाही. हे तीन शब्द मी आयुष्यात प्रथमच कागदावर लिहिले आहेत.

परंतु जे डॉक्टरांना माहीत आहे, ते मी त्यांना विचारून लिहीत आहे. आपली गाठ ज्या संप्रेरकाच्या बळावर वाढते, ते संप्रेरक ते इंजेक्शन थांबवते. आपण ज्याला गड्याचा जोर म्हणालात, तोच त्या गाठीचा खरा खुराक आहे. आपणांस उपास घडवायचाच असेल तर तो तेथे घडवला पाहिजे, आणि ते काम कोरड्या भाकरीने होत नाही.

'बाबाले सांगू नको' हे आपले सांगणे मी मोडले आहे. बाबांना सर्व सांगितले आहे. शनिवारी ते गाडी घेऊन येतील. चारुशीला मॅडमनी डॉक्टरांची सोमवारी सकाळची वेळ मिळवून दिली आहे. आपण यायचे आहे. मी विनंती करत नाही. सांगत आहे.

त्या चित्रावर आणखी फुली मारू नये.

उत्कर्षा


बाजारहत्नूर,
३१ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

तू सांगतलं तसं खाली बसून वाचलं. बरं झालं बसून वाचलं.

सहापट वाचलं अन् कपाळावर हात मारला. तुले तर प्रयोग करून समजलं. मले लहानपणापासून माहीत असायले पाह्यजे होतं. आपण संत्र्याले ताण काऊन देतो? डिसेंबरात पाणी तोडतो, झाड पानं टाकते, वाळल्यावानी दिसते. ते मरावं म्हणून देतो का? बहरावं म्हणून देतो. महिनाभर तहानलेल्या झाडाले पाणी सोडलं की ते अंगभर फुलते. मी एकीकडं चाळीस झाडायले ताण दिला बहार यावा म्हणून, अन् दुसरीकडं रोगाले ताण दिला मरावा म्हणून. एकाच वावरात, एकाच महिन्यात. सोजरले हे सांगतलं तर ती हसता हसता रडली. मी तिले पाणी आणून दिलं.

तुह्या बाबासंगं गेलो. अकरा किलो वजन गेलं हाय. रक्तातला या रोगाचा आकडा ऑक्टोबरात बावीस होता, आता एकेचाळीस झाला. डॉक्टरनं लय सुनावलं, अन् तुह्या बाबानं खाली मान घालून आयकलं, जसं काही उपास त्यानंच केला. हाडाची तपासणी पुन्हा केली. अजून तिथं काही नाही. डॉक्टर म्हणे, हे तुमचं नशीब हाय, अक्कल नाही. इंजेक्शन घेतलं. सुई लहानशी असते. तिच्यासाठी मी दोन महिने घालवले.

शेक सुरू करायचे तर अंगात ताकद पाह्यजे. मार्च सरेपर्यंत सहा किलो वाढवायचे हायेत.

खरं सांगतो, तुह्यावर राग आला. दोन दिवस राह्यला. १८ डिसेंबरले पोरीले माहीत होतं अन् एक ओळ लिहिली नाही, हे गिळता येईना. मंग वाटलं, मी तरी कुठं लिहिलं तुले की मी जेवत नाही म्हणून. तू लपवलं, मीही लपवलं, अन् दोघंही एकमेकाले लय हुशार समजून राह्यलो होतो.

काल रात्रीच्या भाजीले फोडणी दिली होती. पहिला घास जड गेला. दुसरा गेला.

माणिकराव


हैदराबाद,
६ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप मोठ्या बाबांस उत्कर्षाचा नमस्कार.

आपण माझ्या वसतिगृहापासून चार किलोमीटरवर उतरला असताना पत्र लिहिणे चमत्कारिक आहे. परंतु रोज संध्याकाळी मी येते, आपण 'आली का' म्हणता, मी 'हो' म्हणते, मोठी आई चहा करते, आणि आपण दोघे खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत बसतो. आज शेकाचा आठवा दिवस. मला काही सांगायचे होते ते आठही दिवस राहून गेले. उद्या हे पत्र हातात देईन. मी गेल्यावर वाचावे.

प्रयोगाचा उरलेला भाग झाला. उपाशी गोळ्यांना मी पुन्हा मेदप्रथिने दिली. सारे गाव एकदम उजळले. निरोगी पेशी पोट भरले की दारे मिटते. या पेशींनी मिटली नाहीत. त्यांचे पोट भरत का नाही, ते मला अजून कळलेले नाही. पाहता पाहता डोळ्यांत पाणी आले, आणि ते कशाचे होते, हेही कळले नाही. काल दुपारी टेबलावरच डोळा लागला. स्वप्नात मी त्या गावात उतरले होते. प्रत्येक दार उघडे होते, आत कोणीही नव्हते, आणि मी नाव विचारत एकेका उंबऱ्यावरून पुढे जात होते.

हे लिहिले, पण येथून पुढे असे लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. मी सुंदर लिहिले आणि आपण त्याचे पथ्य केले. अकरा किलो माझ्या उपमांनी नेले. आकडे लिहीन, तारखा लिहीन. बाकीचे माझ्यापाशीच ठेवीन. आपण रागावणार नाही, अशी आशा आहे.

आपली,
उत्कर्षा


बाजारहत्नूर,
२ जून २०२५

चि. उत्कर्षास मोठ्या बाबाचा आशीर्वाद.

तुह्या त्या पत्राले दोन महिने उत्तर दिलं नाही. तिथं शेक चालू होते, अन् तू रोज समोर बसत होती. समोरच्या माणसाले पत्र लिहायची मले तुह्यासारखी सवय नाही.

शेक संपून महिना होत आला. मशीनखाली निजवताना पोटावर निळ्या खुणा करत होते, तिथं साबण लावू नका म्हणत. घरी येऊन सोजरनं दगडानं घासल्या. परवा तपासणीले गेलो. आकडा एकाच्या थोडा वर हाय. वजन आठ किलो वाढलं. इंजेक्शनानं दिवसातून चार-पाच वेळा अंगातून वाफ निघते अन् घामानं सदरा भिजते. सोजर म्हणते, पंधरा वर्षांमागं मले हेच होत होतं तवा तुमी म्हणत होते, नाटकं करते. मी गुमान पंखा लावून घेतो.

डॉक्टरले इचारलं, बरा झालो का? मागं पन्नास माणसं होती. तो खुर्ची ओढून बसला अन् म्हणे, आता सांगता येत नाही, तीन महिन्यांनं पाहू, मंग पुन्हा तीन महिन्यांनं. मले वाईट वाटलं. पण त्यानं खोटं सांगतलं नाही. म्हणून तीन महिन्यांनं मी जाईन. त्याच्या पुढच्या तीन महिन्यांनंही जाईन.

आता तुह्या गोष्टीवर येतो. तू आकडे अन् तारखा लिहीन म्हणते. आकडे मले दवाखान्यातूनच भेटतात, फुकट. तू दिसते ते लिही. गावात दिवे लागले तर लागले लिही, स्वप्नात कोणाच्या घरात गेली तर ते लिही. तुह्या लिहिण्यानं माह्यं वजन नाही गेलं, माह्या भित्रेपणानं गेलं. तुह्यं लिहिणं तवा माह्या हातात होतं, येवढंच. यापुढं काय खावं अन् काय खाऊ नये, हे मी तुले इचारणार नाही, त्याच्यासाठी घरातलाच दुसरा माणूस नेमला हाय.

अन् एक सांगायचं राह्यलं. तुही पत्रं आता सोजर मोठ्यानं वाचते. मी जेवायले बसलो की ती समोर कागद घेऊन बसते. जोडाक्षर आलं की अडते, मागं जाते, पुन्हा पह्यल्यापासून वाचते, अन् ती वाचून राह्यली तोवर मले ताटावरून उठता येत नाही. एका पानाले दोन भाकरी जातात.

मागचं पत्र लहान होतं. या खेपी मोठं लिही.

माणिकराव